कडू साखरेची बरणी

मी एक जुनी बरणी आहे, मित्रांनो. चिनी मातीची; पोटाला पांढरी आणि खांद्यावर गुळाच्या रंगाची. माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे. डोक्यावरचं झाकणही माझं नाही. ते दुसऱ्या एका बरणीचं आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी माझ्यावर जरा तिरकंच बसतं. नवे पाहुणे मला लोणच्याची बरणी समजतात. तुम्ही तरी तसं समजू नका. मी साखरेची बरणी आहे.

स्वभावाने मी भित्री. फळीवरची भांडी त्यावरून माझी थट्टा करतात. पितळेचा डबा म्हणतो, "हिला कुणाची शिंक ऐकू आली तरी भूकंप वाटतो." त्याचं काय जातं? तो पडला तर पोचा येईल, मी पडले तर केरात जाईन. पण आज मी सांगणार आहे ती भीती माझ्या जिवाची नव्हती. ती एका दोन वर्षांच्या मुलीच्या जिवाची होती, आणि भिण्यासारखं जे काही होतं ते माझ्याच पोटात होतं.

माझा जन्म जबलपुरातलाच. इथल्या मातीच्या कारखान्यात गटाराचे नळ, कौलं आणि बरण्या भाजत असत. भट्टीत आम्ही पुष्कळ जणी एकमेकींना खेटून उभ्या होतो. आच वाढली तशा काही जणी तडकल्या. त्यांचा तो 'टक्' असा आवाज मला आजही ऐकू येतो. मी वाचले, पण तेव्हापासून धसका घेतला तो घेतलाच. पुढे सदर बाजारातल्या एका दुकानात मी बराच काळ धूळ खात बसले होते. तिथे एक दिवस शरयूताई आल्या. त्यांनी मला उचललं, बोटाच्या पेराने टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "हीच द्या." माझ्या आवाजाचं कौतुक करणारं माणूस मला त्यानंतर भेटलेलं नाही.

शरयूताई मूळच्या नागपूरकडच्या. लग्न होऊन जबलपूरला आल्या, कारण त्यांचे यजमान चिंतामणराव इथल्या एका लष्करी कारखान्यात रसायनशाळा सांभाळत होते. राहायला कारखान्याचं क्वार्टर होतं. दारात एक पेरूचं झाड, शेजारी विनताबाई, आणि घरात सुमेधा नावाची एक चिमुरडी. तिला सगळे बेबीच म्हणत. मी ओट्यावर बसायचे. रेशनची साखर माझ्यात भरली जायची आणि बेबी लुटूलुटू चालायला लागल्यापासून माझ्याभोवती घुटमळायची. बोट ओलं करायचं, माझ्यात बुडवायचं आणि चोखायचं, हा तिचा उद्योग. शरयूताई रागवायच्या आणि मान वळवून हसायच्या.

ह्या घराची एक रीत होती. तुमच्याही घरी असेल. शेजाऱ्याचं भांडं आलं तर ते रिकामं परत करायचं नाही. विनताबाईंच्या वाटीतून आमटी आली, तर वाटी जाताना तिच्यात निदान चिमूटभर साखर तरी जायचीच. शरयूताई ह्या बाबतीत फार काटेकोर होत्या. रसायनशाळेत पुंडलिक नावाचा एक मदतनीस होता, तो मूळचा जबलपूरजवळच्या पाटणचा. गावी गेला की हिरवागार मटार डबा भरून आणून द्यायचा. त्याच्या डब्यातून कधी लाडू जायचे, कधी चकल्या. पुंडलिक आपल्या बायकोला, अनसूयेला, म्हणायचा, "वहिनींच्या घरून डबा हलका येतच नाही." ही रीत चांगलीच आहे, मित्रांनो. तिच्यामुळे एवढं रामायण घडलं, तरीही मी तिला चांगलीच म्हणेन.

मग एकाहत्तर साल उजाडलं. पूर्वेकडून रोज वाईट बातम्या येऊ लागल्या आणि लढाई होणार असं जो तो बोलू लागला. कारखाना दिवसरात्र धडधडायला लागला. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा फाटकात शिरायचा. कलकत्त्याहून येणारा काचेचा माल बंद झाला, कारण आगगाड्या जवानांना नेण्यात गुंतल्या होत्या. चिंतामणरावांच्या रसायनशाळेत फुटलेल्या बाटल्यांच्या जागी नवी बाटली मिळेना. एक दिवस ते घरी आले आणि त्यांनी ओट्यावर माझ्याकडे पाहिलं.

"अगं, ही बरणी मला दे. चिनी मातीला आम्ल लागत नाही."

"बरी देईन! घरच्या साखरेला मग मुंग्या लागू देत."

"लढाई संपली की परत आणतो."

"रिकामी नका आणू म्हणजे झालं," शरयूताई हसत म्हणाल्या. त्या बोलून गेल्या आणि विसरल्या. मी विसरले नाही.

रसायनशाळेत मला पहिल्या दिवशी रडू यायचंच बाकी होतं. तिथल्या बाटल्या मला ओट्यावरची गावठी म्हणून हसत. तिथे एक नियम होता आणि चिंतामणराव तो उठता बसता ऐकवत: इथली कुठलीही वस्तू जिभेला लावायची नाही. मीठ दिसलं तरी नाही आणि साखर दिसली तरी नाही. पुंडलिकने तो नियम अगदी मंत्रासारखा पाठ केला होता. पाणी प्यायलासुद्धा तो बाहेर जायचा.

चिंतामणराव त्या दिवसांत एका वेगळ्याच गोष्टीच्या मागे लागले होते. कारखान्यात स्पिरिट पिंपांनी यायचं. कुणी ते चोरून पिऊ नये म्हणून त्यात विषारी पदार्थ मिसळण्याची जुनी पद्धत होती. तरीही लोक प्यायचेच. चिंतामणरावांनी तरुणपणी असं स्पिरिट पिऊन आंधळा झालेला एक माणूस पाहिला होता, आणि तो त्यांच्या मनातून जात नव्हता. ते म्हणायचे, चोराला शिक्षा व्हावी, पण डोळे कशाला जावेत? त्यांना अशी वस्तू हवी होती, की जी स्पिरिटात पडली तर घोट घशाखाली उतरणार नाही, पण माणसाला अपायही होणार नाही.

आणि ती वस्तू त्यांनी कशापासून केली, सांगा पाहू? साखरेपासून! एकदा मोठे साहेब पाहणीला आले, तेव्हा चिंतामणराव त्यांना समजावून सांगत होते. पुंडलिक तेवढ्यात चहा आणायला गेला होता. मी ऐकलं ते माझ्या भाषेत सांगते. साखरेच्या प्रत्येक कणाला आठ हात असतात असं समजा. आपली जीभ त्या मोकळ्या हातांना ओळखते आणि म्हणते, गोड. आता व्हिनेगर ज्याच्यामुळे आंबट लागतं ना, त्या आम्लाच्या घराण्यातला एक तिखट वासाचा पदार्थ घ्यायचा आणि साखरेचे आठही हात त्याच्या हाती द्यायचे. अशी जोडी जमली की तिला एस्टर म्हणतात. दिसायला पुन्हा पांढरीशुभ्र साखरच. पण जीभ आता तिला ओळखत नाही. ती इतकी कडू लागते की कारलं परवडलं! पाण्यात ती फारशी विरघळत नाही, स्पिरिटात मात्र झटकन मिसळते. आणि ती किंचित पोटात गेली तरी काही होत नाही.

साखरेचे आठही हात न अडवता एखादाच हात तेला-तुपातल्या आम्लाच्या लांब शेपटीला जोडला, तर आणखी निराळी गंमत होते. तो कण एका हाताने तेलाला धरतो आणि बाकीच्या हातांनी पाण्याला. भांडणाऱ्या दोन जावांना एका घरात नांदवणारी सासू म्हणा हवं तर. जपानात त्याचे कारखाने निघाले आहेत, असं चिंतामणराव सांगत होते. आज तुम्ही खाता त्या पावात, केकमध्ये, आइस्क्रीममध्ये हे सासूबाईंचं काम चालू असतं. फळं लवकर सुकू नयेत म्हणून त्यांना पातळ लेप देतात, त्यातही साखरेची ही एस्टरं असतात.

तर ती कडू साखर चिंतामणराव माझ्यात साठवू लागले. जन्मभर गोडाला जागलेली मी, आणि नशिबी आलं हे! पण मी कुरकुर केली नाही. लढाईच्या दिवसांत कुरकुर करणं बरं दिसत नाही.

त्याच रसायनशाळेत आणखी एक पांढरा पदार्थ होता आणि त्याची मला पहिल्यापासून धास्ती वाटायची. ते शिशाचं मीठ होतं. त्याच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या भिजवून विषारी वायू ओळखायचा असे. जुन्या काळचे रसायनवाले त्यालाही साखरच म्हणत. का, तर ते गोड लागतं. चिंतामणराव मोठ्या साहेबांना म्हणाले होते, "पाहा कशी उलटी दुनिया आहे. कडू ती निरुपद्रवी आणि गोड ते विष." साहेब हसले. मला हसू आलं नाही.

डिसेंबर लागला आणि लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले. संध्याकाळ झाली की गाव काळोखात बुडायचं आणि शिट्ट्या ऐकू यायच्या, "बत्ती बुझाओ!" चिंतामणरावांना घरी जायला सवड मिळेना. ते तिथेच बाकावर आडवे व्हायचे. एका सकाळी काचेच्या बाटल्यांची एक पेटी कशीबशी येऊन पोचली. चिंतामणरावांनी मला पुंडलिकच्या हाती दिलं. "धुऊन घरी पोचती कर. शरयू वाट पाहत असेल." एवढं बोलून ते धावतच दुसऱ्या विभागात गेले.

पुंडलिकने मला धुतलं. असं लख्ख धुतलं की मला माझ्या पहिल्या दिवसांची आठवण झाली. मग तो थबकला. रिकामी बरणी वहिनींकडे कशी न्यायची? त्यांचं ते बोलणं साहेबांनी त्याला हसत हसत सांगितलं होतं.

कँटीनमधून प्रयोगासाठी साखर तोच आणायचा. ती खालच्या फळीवर असायची. पण काळोखात धक्का लागू नये म्हणून चिंतामणरावांनी आदल्या संध्याकाळी सामानाची हलवाहलव केली होती. साखरेच्या जागी आता दोन थाळ्या होत्या, कागदाने झाकलेल्या, आणि दोन्हींत पांढरंशुभ्र काही वाळत घातलेलं होतं. एकीत कडू साखर, दुसरीत शिशाचं मीठ. नाव एकीवरही नव्हतं. नियमांसाठी जीव टाकणारे चिंतामणराव घाईत नेमकं नाव लिहायचं विसरले होते. पुंडलिकला वाटलं, साहेबांनी दमट साखर वाळवायला घातली आहे. चव घेऊन पाहण्याचा तर प्रश्नच नव्हता. नियम म्हणजे नियम! त्याने एका थाळीतून मूठभर घेतलं आणि मायेने माझ्यात घातलं.

कुठल्या थाळीतून? मित्रांनो, मला नाही सांगता येणार. माझं तोंड वर छताकडे होतं. वरून पांढरं काही पडलं एवढंच मला कळलं. बरणीला तोंड असतं, जीभ नसते.

पुंडलिकने मला क्वार्टरवर आणून शरयूताईंच्या हाती दिलं. त्यांनी झाकण उचलून आत पाहिलं. "अहो पुंडलिकभाऊ, हे काहून?"

"रिकामी कशी आणू, वहिनी? साहेबांना म्हणाल्या होत्या ना तुम्ही."

त्या खूश झाल्या. मला ओट्यावर माझ्या जुन्या जागी ठेवलं. मी ओरडले, मित्रांनो, बरणी जितकी ओरडू शकते तितकी. कुणी ऐकलं नाही. दुपारी विनताबाईंनी हाक मारली, "वहिनी, रेडिओवर बातम्या लागून राहिल्या, या लवकर!" आणि शरयूताई कुंपणापाशी गेल्या.

बेबी स्वयंपाकघरात आली. मला पाहून तिचा चेहरा फुलला. किती दिवसांनी भेटत होतो आम्ही! तिने पाट ओढला, त्यावर चढली, बोट तोंडात घालून ओलं केलं आणि माझ्याकडे हात पुढे केला. त्या क्षणी मला वाटलं, आपण खाली पडावं आणि फुटून जावं. उभ्या आयुष्यात मी फुटण्याची इच्छा त्या एकदाच केली. तीही पुरती फळली नाही. बेबीचा हात लागून मी कलंडले, झाकण जमिनीवर पडून फुटलं, माझ्या काठाचा टवका उडाला, आणि बेबीने हंबरडा फोडला.

शरयूताई धावत आल्या. लेक रडत होती आणि तिच्या ओठांना, हनुवटीला, फ्रॉकला पांढरं लागलं होतं. ती बरणी कलंडली म्हणून रडत होती, की तोंडात काही गेलं म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. लहान मुलाचं रडणं ते, त्याला का भाषा असते? मागोमाग तिने ओकारी काढली. शरयूताईंनी पदराने तिचं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता त्यांचं लक्ष पांढऱ्या भुकटीकडे गेलं. साखरेचा दाणा कसा असतो हे त्यांना कळत होतं. हा दाणा साखरेचा नव्हता. आणि ही बरणी कुठून आली आहे हेही त्यांना माहीत होतं.

"विनताबाई!" त्यांनी किंचाळून हाक मारली.

दोघींनी बेबीला कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. शरयूताईंनी मलाही काखेत मारलं होतं. डॉक्टरांनी बेबीला तपासलं, माझ्यात डोकावून पाहिलं आणि मान हलवली. "बहनजी, जब तक पता नहीं ये चीज़ क्या है, मैं दवा किस बात की दूँ? आप साहब से पूछकर आइए। बच्ची को मैं देखता हूँ।"

बेबीला विनताबाईंच्या मांडीवर ठेवून शरयूताई निघाल्या. त्या धावत होत्या, पदर लोंबत होता, आणि मी त्यांच्या बरगड्यांवर आपटत होते. त्यांच्या काळजाची धडधड माझ्या मातीत उतरत होती. ऊन कलायला लागलं होतं. थोड्या वेळात दिवे बंद होतील आणि मग कुणाला शोधायचं, कुठे शोधायचं?

फाटकावरच्या दरबानाने बंदूक आडवी धरली.

"रुकिए! डिब्बे में क्या है?"

"मला माहीत नाही... मालूम नहीं, भैया. साहेबांना बोलवा. चिंतामणराव साहब, लॅबवाले."

आता तुम्हीच विचार करा. लढाई चाललेली, दारूगोळ्याचा कारखाना, आणि एक बाई पांढऱ्या भुकटीचं भांडं घेऊन फाटकाशी उभी. वर म्हणते काय, तर आत काय आहे ते माहीत नाही! आणखी दोघे पहारेकरी आले. "नीचे रखिए! धीरे से!" त्यांनी मला रस्त्याच्या मधोमध ठेवायला लावलं आणि सगळे चार पावलं मागे सरले. जन्मभर मी सगळ्यांना भ्याले. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी मला भ्यालं. शरयूताई मात्र मागे सरल्या नाहीत. त्या माझ्याजवळच उभ्या राहिल्या.

निरोप गेला. चिंतामणराव आले ते जवळजवळ धावतच, मागोमाग पुंडलिक. शरयूताईंनी दोन वाक्यांत सांगितलं. चिंतामणरावांनी वाकून माझ्यात पाहिलं आणि त्यांचा चेहरा माझ्या पोटासारखा पांढरा पडला.

"पुंडलिक, कुठल्या थाळीतून घेतलंस?"

"साहेब, मी तर साखरच समजून राहिलो होतो..."

"कुठल्या थाळीतून? उजव्या की डाव्या?"

"उजव्या... नाही साहेब, डाव्या... मले आठवत नाही जी!" पुंडलिक मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंडात मारून घेऊ लागला.

थाळ्या पाहून ओळखावं, तर चिंतामणरावांनी दुपारीच त्या बाटल्यांत भरून टाकल्या होत्या. "आत नेऊन आम्लाचा एक थेंब टाकला की ओळखता येईल," ते म्हणाले आणि दरबानाकडे वळले. "दो मिनट का काम है।" पण फाटकातून आत काही न्यायचं, तर सुरक्षा अधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि अधिकारी पलीकडच्या फाटकावर गेले होते. दरबान वाईट माणूस नव्हता. "साहब, मेरी नौकरी चली जाएगी," तो हात जोडून म्हणाला. एक शिपाई सायकलवर अधिकाऱ्यांना शोधायला निघाला.

"अहो, आहे तरी काय ते?" शरयूताईंनी विचारलं.

चिंतामणराव म्हणाले, "दोन वस्तू आहेत. एक कडू असते, तिने काही होत नाही. दुसरी गोड असते..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

शरयूताईंना ते कळलं. बेबीला जन्मापासून गोड घास भरवणारी ती आई ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "कडू निघू दे, देवा." मीही तेच म्हणत होते. आयुष्यभर गोड सांभाळलं, आता एकदा माझ्यातलं कडू निघू दे.

"म्हणजे चव कळली की झालं, एवढंच ना?" असं म्हणून शरयूताई खाली वाकल्या.

"शरयू, नको! हात लावू नको, मी..." चिंतामणराव पुढे झाले, पण तोवर शरयूताईंनी ओलं बोट माझ्यात टेकवून जिभेला लावलं होतं.

मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू? सगळं फाटक त्यांच्या तोंडाकडे पाहत होतं. आधी काहीच झालं नाही. मग त्यांच्या भुवया जवळ आल्या, नाक आक्रसलं, ओठ वेडेवाकडे झाले, सगळा चेहरा सुरकुतला, आणि त्या थुंकल्या. पुन्हा थुंकल्या. आणि मग भर रस्त्यात, पहारेकऱ्यांच्या समोर, त्या मोठ्याने हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कडू! अहो, कडू आहे! जहर कडू आहे हो!"

दरबानाला वाटलं, बाईंना वेड लागलं. ज्याला जहर म्हणतात ते सापडल्यावर कुणी असं हसतं का? चिंतामणराव तिथेच माझ्याजवळ रस्त्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. एवढा मोठा साहेब, पण त्याची त्यांना लाज वाटली नाही.

बेबीला काही झालं नव्हतं. दवाखान्यात ती विनताबाईंच्या मांडीवर बसून बिस्कीट मागत होती. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "कड़वी शक्कर? वाह जी, ये पहली बार सुना!" दिवे बंद होण्याआधी सगळे घरी पोचले. त्या काळोखात शरयूताई बेबीला कुशीत घेऊन बसल्या होत्या, आणि तोंडाचा कडवटपणा जात नाही म्हणून त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

लढाई संपली. आपण जिंकलो, पेढे वाटले गेले. चौकशी झाली तेव्हा चिंतामणरावांनी सरळ सांगितलं, की थाळीवर नाव लिहिणं हे माझं काम होतं, पुंडलिकचं नव्हे. त्याला कुणी काही केलं नाही. पण पुंडलिकने स्वतःला माफ केलं नव्हतं. त्याचं घरी येणं बंद झालं. पाटणहून मटार आला नाही. बेबीही माझ्या वाटेला जाईना. मला पाहिलं की ओठ गच्च मिटून घ्यायची. मी रिकामी, काठ फुटलेली, बिनझाकणाची कोपऱ्यात पडून होते. शरयूताई मला टाकून देतील ह्या भीतीने मी रोज अर्धी होत होते.

संक्रांत आली. शरयूताईंनी तिळगुळाचे लाडू केले आणि पितळेच्या डब्यात भरून चिंतामणरावांच्या हाती पुंडलिककडे पाठवले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, घासून घासून सोन्यासारखा चमकवलेला. शरयूताईंनी झाकण उघडलं.

डबा रिकामा होता.

त्या बराच वेळ तो मांडीवर घेऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या घरातून रिकामा डबा कधी आला नव्हता. साखरेचा एक दाणासुद्धा घालायची पुंडलिकची छाती झाली नव्हती. मग त्या उठल्या, त्यांनी मला कोपऱ्यातून काढलं, स्वच्छ पुसलं, बेबीला कडेवर घेतलं आणि पुंडलिकच्या घराचा रस्ता धरला. आता मला कुणाला तरी देऊन टाकणार, असंच मला वाटलं.

पुंडलिक दारातच होता. त्यांना पाहून त्याने मान खाली घातली. आतून अनसूया आली.

"पुंडलिकभाऊ," शरयूताई म्हणाल्या, "माझ्या घरी रिकामं भांडं येत नाही. ही बरणी घ्या आणि हिच्यात साखर घाला."

"वहिनी, माझ्या हातची साखर? काहून लाजवता जी?"

"तुमच्याच हातची. मी उभी आहे."

अनसूयेने आतून साखरेचा डबा आणला. पुंडलिक शरयूताईंच्या तोंडाकडे पाहतच ओंजळ रिती करत होता, आणि अर्धी साखर माझ्या बाहेरच सांडली. शरयूताईंनी माझ्यात बोट घातलं आणि न विचारता, न पाहता, सरळ तोंडात टाकलं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मग त्यांनी बेबीकडे पाहिलं. बेबीने आईचं तोंड निरखलं, पुंडलिकचं निरखलं, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि हळूच ओठ उघडले. शरयूताई तिला भरवणार, तोच थांबल्या.

"तुम्हीच भरवा, पुंडलिकभाऊ. तिळगूळ तर तुम्ही घेतला. आता गोड बोला."

पुंडलिकने चिमूटभर साखर बेबीच्या जिभेवर ठेवली. तिने ती चोखली, जरा विचार केला आणि आणखी मागायला हात पुढे केला. तेव्हा पुंडलिक जो रडला, तो त्या दिवशी फाटकावरही रडला नव्हता. आम्ही निघालो तेव्हा अनसूयेने आपल्या बरणीचं झाकण काढून माझ्या डोक्यावर ठेवलं. हेच ते तिरकं झाकण.

आता सुमेधा स्वतः आजी झाली आहे. जबलपुरातल्याच विजय नगरात तिच्या घरी मी राहते. मिक्सर आणि मायक्रोवेव्हच्या गर्दीत मला जागा अंमळ अडचणीचीच आहे, आणि कामवाली बाई धक्का मारते तेव्हा अजूनही माझा जीव टांगणीला लागतो. माझ्या पोटावर एक पट्टी चिकटवलेली आहे. फाटकावरच्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्या सकाळी चिंतामणरावांनी साऱ्या फळीवरच्या भांड्यांना पट्ट्या चिकटवल्या होत्या. मीठ, पोहे, हळद, सगळ्यांना. माझी पट्टी तेवढी कोरी ठेवली होती. ती त्यांनी आम्ही पुंडलिकच्या घरून परत आलो त्या संध्याकाळी लिहिली: 'साखर'. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते.

मित्रांनो, मी भित्री आहे, म्हणून एवढंच मागते. माझ्यात काय घातलंय ते माझ्या अंगावर लिहा. पांढऱ्या रंगावर भरवसा ठेवू नका. आणि कुणाकडे गेले, तर मला रिकामी परत पाठवू नका.